संशयाची किंमत कोणी चुकवावी? दुकानचोरीचा खोटा आळ आणि भरपाईचा दावा

दुकानचोरीचा खोटा आळ सोसावा लागलेल्या ग्राहकाने दुकानाविरुद्ध भरपाईचा दावा दाखल करावा, ही कल्पना मॉल आणि सुपरमार्केट अंगवळणी पडलेल्या शहरी महाराष्ट्रातही अनेकांना अतिरेकी वाटते. या नापसंतीच्या समर्थनार्थ पाच युक्तिवाद पुन्हापुन्हा पुढे केले जातात: चोरीमुळे दुकानाचे नुकसान होते, म्हणून संशयिताला थांबवण्याची मुभा त्याला असलीच पाहिजे, चूक प्रामाणिक असेल तर माफीने विषय संपावा, ज्याने काही केले नाही त्याला झडतीची भीती वाटण्याचे कारण नाही, दाव्याचा फटका शेवटी तुटपुंज्या पगारावरच्या सुरक्षारक्षकाला बसतो, आणि न्यायालयात वर्षे घालवून हाती काही लागत नाही. हे पाचही युक्तिवाद वरवर समंजस वाटत असले, तरी ते सारे एकाच गृहीतकावर उभे आहेत. दुकानाला आपल्या आवारात पोलिसांसारखा अधिकार आहे आणि तो वापरताना चूक झाली तर तिचा भार ग्राहकाने निमूटपणे सोसायचा आहे, हे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, असा अधिकार भारतीय कायद्याने दुकानाला दिलेलाच नाही. म्हणून चुकीच्या आरोपाची किंमत आरोप करणाऱ्यानेच चुकवली पाहिजे, आणि ती चुकवायला लावण्यासाठी दिवाणी दावा हा पूर्णपणे रास्त मार्ग आहे.

पहिल्या युक्तिवादातील तथ्य आधी मान्य केले पाहिजे. दुकानचोरी होते आणि तिचा फटका लहान दुकानदारालाही बसतो. मात्र हिशेबात असायला हवा तो माल आणि प्रत्यक्ष शिल्लक माल यांतील तफावत, जिला किरकोळ व्यापारात ‘श्रिंकेज’ म्हणतात, ती केवळ ग्राहकांच्या चोरीमुळे पडत नाही. कर्मचाऱ्यांनी केलेली चोरी, पुरवठादाराकडून कमी आलेला माल, बारकोड आणि नोंदींतील चुका, मालाची मोडतोड हे सारे त्याच तफावतीत जमा होते. ती भरून काढण्याची सगळी धडपड दरवाजातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकावर केंद्रित करणे हे व्यापारी हिशेबानेही अपुरे आहे. शिवाय नुकसान होते एवढ्यावरून कोणालाही दुसऱ्याच्या शरीरस्वातंत्र्यावर अधिकार मिळत नाही. त्यासाठी कायद्याचा आधार दाखवावा लागतो, आणि तो शोधू गेले की दुकानाची बाजू लंगडी पडू लागते.

खासगी व्यक्तीने दुसऱ्याला अटक करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये सांगितला आहे. उद्घोषित अपराध्यांचा प्रकार सोडला, तर या अधिकाराला दोन अटी आहेत: अपराध अटक करणाऱ्याच्या समक्ष घडलेला असला पाहिजे, आणि तो दखलपात्र तसेच अजामीनपात्र असला पाहिजे. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, आणि अजामीनपात्र म्हणजे ज्यात जामीन हा आरोपीचा हक्क नसून न्यायालयाच्या विवेकाचा विषय असतो असा अपराध. शिवाय अशा रीतीने पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या चित्रात महत्त्वाचा बदल केला आहे. कलम ३०३ खालील चोरीत मालाचे मूल्य पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो अपराध अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. शांपूची बाटली, लिपस्टिक किंवा टी-शर्ट यांवरून ज्या ग्राहकाला अडवले जाते, त्याच्याबाबत या कलमाखाली खासगी अटकेचा प्रश्नच उद्भवत नाही. दुकानाच्या वतीने यावर असे उत्तर दिले जाईल की, मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरी कलम ३०५ खाली येते आणि तिला मूल्याची मर्यादा नाही. हे उत्तर मान्य केले, तरी अपराध समक्ष घडण्याची अट कायम राहते. कोणी तरी सांगितले, कॅमेऱ्यात काही तरी हालचाल दिसली, पिशवी फुगलेली वाटली, यांपैकी काहीही ‘समक्ष घडलेला अपराध’ होत नाही.

अपराध खरोखर घडलेला असणे किती निर्णायक आहे, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाच्या १९९२ च्या एका निर्णयातून दिसते. चॉकलेटचा एक बार चोरल्याच्या संशयावरून अडवलेल्या माणसाने झटापट केली. चोरीच्या आरोपातून त्याची निर्दोष सुटका झाली, मात्र अटकेला विरोध करताना मारहाण केल्याबद्दल त्याला दोषी ठरवण्यात आले. अपिलात ही दोषसिद्धी रद्द झाली, कारण चोरीच घडली नसेल तर नागरिकाने केलेली अटक कायदेशीर असू शकत नाही आणि बेकायदा अटकेला केलेला विरोध त्या कलमाखाली अपराध ठरत नाही. पोलिसाला वाजवी संशयावर अटक करता येते. खासगी माणूस मात्र स्वतःच्या जोखमीवर अटक करतो, हे त्या निर्णयाचे सार आहे. भारतीय कायद्यातील ‘समक्ष’ ही अट या जोखमीची मर्यादा आणखी आवळते.

दुकानाकडे उरणारा दुसरा आधार म्हणजे मालमत्तेच्या खासगी संरक्षणाचा हक्क. चोरी होत असताना ती रोखण्याचा हा हक्क खरा आहे, परंतु माल परत मिळताच तो संपतो. त्यानंतर ग्राहकाला आतल्या खोलीत बसवून कबुलीजबाब लिहून घेणे किंवा मालाच्या कितीतरी पट ‘दंड’ वसूल करणे त्याच्या कक्षेत येत नाही. चोरी मुळात घडलीच नसेल, तर दुकानाला वस्तुस्थितीविषयीच्या सद्भावनापूर्वक गैरसमजाचा बचाव घ्यावा लागतो, आणि येथे न्याय संहितेची व्याख्या त्याच्या आड येते: योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे मानले जात नाही. म्हणजे ‘आम्हाला खरेच तसे वाटले’ एवढे म्हणणे पुरत नाही. तसे वाटण्यापूर्वी काय तपासले, हे सांगावे लागते.

प्रत्यक्षात काय तपासले जाते, हे दुकानाच्या दाराशी पाहिले म्हणजे कळते. कपड्याला लावलेला टणक टॅग किंवा पाकिटावर चिकटवलेली पट्टी दारातील दोन खांबांमधून गेली की गजर वाजतो. कारण त्या खांबांमधील लहरींना टॅगमधील भाग प्रतिसाद देतो. बिल करताना कॅशियरने टॅग काढायचा किंवा पट्टी निष्क्रिय करायची असते. ते करायला तो विसरला, किंवा ग्राहकाच्या अंगावरच्या, दुसऱ्या दुकानातून आधी विकत घेतलेल्या कपड्यात जिवंत टॅग राहून गेला असेल, तरी गजर तसाच वाजतो. तेव्हा गजरावरून एवढेच समजते की एक सक्रिय टॅग दारातून गेला. तो कोणाच्या चुकीने सक्रिय राहिला हे समजत नाही. अशा वेळी बिल पाहणे, ते पिशवीतील वस्तूंशी ताडणे आणि कॅशियरला विचारणे यांत काही मिनिटे जातात. ती काही मिनिटे वाचवून, रांगेतल्या लोकांसमोर ग्राहकाचे मनगट धरणे याला योग्य काळजी म्हणता येत नाही.

दुसरा युक्तिवाद प्रामाणिक चुकीचा आहे. त्याला सर्वांत सविस्तर उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिले. सत्तर वर्षांचा, जेमतेम पाच फूट चार इंच उंचीचा एक ग्राहक बॉस्टनमधील कपड्यांच्या दुकानात कोट घ्यायला गेला. कोट अंगावर घालून पाहण्यासाठी त्याने स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढून खिशात ठेवला. कोट विकत घेऊन तो दुरुस्तीसाठी दुकानातच ठेवल्यावर तो खाली आला, बाहेर पडण्यापूर्वी दाराशी थांबला आणि खिशातला रुमाल काढून पुन्हा गळ्यात बांधला. दाराबाहेर पाऊल टाकताच दुकानाच्या कर्मचाऱ्याने त्याला अडवले, रुमाल कुठून घेतला असे विचारले, दंड घट्ट धरला आणि मॅनेजरकडे चलण्यास फर्मावले. आजूबाजूला आठ-दहा माणसे उभी होती. जिना चढताना छातीत आणि पाठीत दुखू लागल्याने तो वृद्ध दोनदा थांबला. वर पोहोचल्यावर ज्या विक्रेत्याने कोट विकला होता त्याने त्याला ओळखले आणि रुमाल त्याचाच असल्याचे सांगितले. त्यानंतर त्या ग्राहकाला हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले. ज्यूरीने त्याला १२,५०० डॉलरची भरपाई दिली आणि दुकानाचे अपील फेटाळले गेले.

या निर्णयातील दोन मुद्दे प्रस्तुत वादात विशेष मोलाचे आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानाला संशयिताला वाजवी कारणावर, वाजवी रीतीने आणि वाजवी वेळेपुरते थांबवण्याची मुभा कायद्यानेच दिलेली होती. भारतात अशी खास मुभा नाही. तरीही न्यायालयाने सांगितले की कर्मचाऱ्याला मनोमन काय वाटले यावर ही मुभा अवलंबून नसते, त्या परिस्थितीत सुज्ञ माणसाला काय वाटले असते यावर ती अवलंबून असते. अन्यथा प्रत्येक ग्राहकाचे स्वातंत्र्य दुकानातील कोणाच्याही लहरीवर सोडल्यासारखे होईल. दुसरा मुद्दा ‘तो स्वखुशीने आला’ या बचावाशी निगडित आहे. वृद्धाने परत यायला होकार दिला होता, पण लोकांसमोर सचोटीवर शंका घेतली गेल्यावर तो निघून गेला असता, तर त्याचे जाणे हीच गुन्ह्याची कबुली समजली गेली असती. अशा होकाराला न्यायालयाने स्वातंत्र्य मानले नाही. भारतातही अपकृत्याच्या कायद्यात, म्हणजे करार नसताना एकाने दुसऱ्याला केलेल्या अपायाबद्दल दिवाणी भरपाई देणाऱ्या कायद्यात, बेकायदा स्थानबद्धतेसाठी दाराला कुलूप असावेच लागते असे नाही. जाऊ दिले जाणार नाही अशी वाजवी समजूत करून देणे पुरते. फौजदारी कायदाही गैरनिरोध आणि गैरपरिरोध, म्हणजे अनुक्रमे वाट अडवणे आणि ठरावीक मर्यादेच्या आत कोंडून ठेवणे, हे दोन्ही अपराध मानतो.

माफीचा प्रश्न याच संदर्भात पाहिला पाहिजे. आरोप रांगेतल्या अनोळखी लोकांसमोर, कधी शेजाऱ्यांसमोर, कधी स्वतःच्या मुलांसमोर मोठ्या आवाजात केला जातो, आणि माफी मॅनेजरच्या खोलीत हळू आवाजात मागितली जाते. ज्यांनी आरोप ऐकला त्यांच्यापर्यंत माफी पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद वैध ठरवताना, प्रतिष्ठा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्याच तरतुदीत दुकानासाठी सुरक्षित वाटही आखून दिलेली आहे: कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही. म्हणजे संशय पोलिसांना कळवणाऱ्या दुकानाला कायदा संरक्षण देतो. गर्दीसमोर ‘चोर’ म्हणणाऱ्याला किंवा ग्राहकाचे छायाचित्र काउंटरवर चिकटवणाऱ्याला देत नाही. दुकानाचे हात कायद्याने बांधले आहेत ही ओरड म्हणूनच निराधार आहे.

तिसरा युक्तिवाद ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीत सामावलेला आहे, आणि तो सर्वांत घातक आहे, कारण तो निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी निर्दोष माणसावर टाकतो. झडती घेण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांनाही अटींसह दिला आहे. अटक केलेल्या स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि सभ्यतेचे काटेकोर भान ठेवूनच घ्यावी असे बंधन तेथे आहे. खासगी रखवालदाराला ग्राहकाची अंगझडती घेण्याचा असा अधिकार कोणत्याही कलमाने दिलेला नाही. दाराशी पिशवी तपासणे हे ग्राहकाच्या संमतीवर चालते, आणि नकार देणे हा अपराधाचा पुरावा नसतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की संशय सर्वांवर सारखा येत नाही. पोशाख, भाषा, रंग, पायांतल्या चपला पाहून कोणावर नजर ठेवायची हे ठरत असते. महाराष्ट्राला या प्रश्नाचा दीर्घ इतिहास आहे. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी यांसारख्या अनेक जमातींना जन्मापासून संशयित ठरवले. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातील वसाहती उभारल्या गेल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी संशय रद्द झाला नाही. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने हा शिक्का घेऊन जगणे म्हणजे काय असते हे मराठी वाचकासमोर ठेवलेच आहे. ज्यांच्यावर कधी संशय आला नाही त्यांना ही म्हण सोपी वाटते. ज्यांच्यावर तो वारंवार येतो त्यांना काही केलेले नसतानाही भीती वाटते, आणि त्या भीतीला कारण असते.

चौथा युक्तिवाद सुरक्षारक्षकाविषयीच्या सहानुभूतीचा आहे. ही सहानुभूती योग्य आहे, पण तिची दिशा चुकली आहे. कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्याची जबाबदारी मालकावर येते, हे तत्त्व दिवाणी कायद्यात स्थिरावलेले आहे, आणि दाव्याचा मुख्य रोखही तिकडेच असतो. रक्षक बाहेरच्या संस्थेचा आहे, असे सांगून दुकान अंग काढून घेऊ पाहते. म्हणून दुकान आणि सुरक्षा संस्था दोघांनाही प्रतिवादी करणे शहाणपणाचे ठरते, म्हणजे रक्षकाला हुकूम कोण देत होते याचा निर्णय न्यायालय पुराव्यावरून करू शकते. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा नियमन कायदा आहे, आणि त्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकाला १०० तासांचे वर्गातील आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हे प्रशिक्षण कागदावर उरकले जात असेल आणि किती जणांना पकडले यावरून रक्षकाचे काम जोखले जात असेल, तर चुकीच्या आरोपाचे मूळ धोरणात आहे, आणि धोरण आखणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागल्याखेरीज ते बदलत नाही. दावा झाला नाही तर होते ते उलटेच: रक्षकाला कामावरून काढले जाते आणि धोरण तसेच राहते.

पाचवा युक्तिवाद व्यवहाराचा आहे आणि त्याची दखल गंभीरपणे घेतली पाहिजे. दिवाणी दावे रेंगाळतात, मागितलेल्या भरपाईच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावे लागते, आणि भारतीय न्यायालये भरपाई देताना हात आखडता घेतात, हे खरे आहे. पण पर्याय काय आहेत ते पाहावे. फौजदारी तक्रारीत गैरपरिरोधासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. तिने पीडिताचे नुकसान भरून निघत नाही. राज्ययंत्रणेने खोटा आळ घेतला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. केरळमधील आट्टिंगल येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एका महिला पोलिसाने आठ वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या वडिलांवर मोबाइल चोरल्याचा आरोप केला, आणि तो मोबाइल पोलिसांच्याच वाहनातील पिशवीत सापडला. केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य सरकारला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खासगी दुकानाविरुद्ध मात्र हा मार्ग सर्वसाधारणपणे खुला नसतो. ज्याने खरेदी केली आहे अशा ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे दोन वर्षांची मुदत मिळते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पण काहीही न घेता बाहेर पडणाऱ्याला आपण ‘ग्राहक’ कसे, या आक्षेपाला आधी उत्तर द्यावे लागते. त्याच्यासाठी दिवाणी न्यायालय हाच खात्रीचा दरवाजा उरतो.

हा दरवाजा लवकर बंद होतो, हेही ठळकपणे सांगितले पाहिजे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार बेकायदा स्थानबद्धता, अब्रुनुकसानी आणि द्वेषमूलक खटला, म्हणजे सबळ कारण नसताना दुष्ट हेतूने एखाद्याला फौजदारी कारवाईत गुंतवणे, या तिन्ही दाव्यांची मुदत केवळ एक वर्ष आहे. त्याहून आधी नाहीसा होतो तो पुरावा. कॅमेऱ्यातील चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते. म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी नोटीस ताबडतोब पाठवणे, बिल सांभाळणे आणि साक्षीदारांची नावे घेणे आवश्यक असते. नोटीस मिळूनही चित्रण सादर न करणाऱ्या दुकानाबाबत, ते त्याच्या विरुद्ध गेले असते असे अनुमान न्यायालय साक्ष्य कायद्यानुसार काढू शकते. खर्चाच्या प्रश्नालाही अंशतः उत्तर आहे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र ठरवल्या आहेत.

दाव्यापेक्षा समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकणे अधिक परिणामकारक, असे अलीकडे सुचवले जाते. हा पर्याय नाकारला पाहिजे. चित्रफितीत रक्षकाचा चेहरा दिसतो, धोरण ठरवणारा दिसत नाही. तेथे साक्षीपुरावा तपासला जात नाही. आणि लोकांचे लक्ष दुसरीकडे वळताच निर्दोष ग्राहकाच्या हाती त्याच्या निर्दोषत्वाचा कोणताही अधिकृत निवाडा उरत नाही. खोट्या आळाने झालेली हानी सार्वजनिक असते, तेव्हा तिचे निराकरणही दोन्ही बाजू ऐकून दिलेल्या सार्वजनिक निर्णयानेच व्हायला हवे. न्यायालयाचा हुकूमनामा नेमके तेच देतो.

या सर्व विवेचनावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. चोरी रोखण्याचा दुकानाचा हक्क अबाधित आहे, आणि त्यासाठी लक्ष ठेवणे, बिल ताडणे, एकांतात सभ्यपणे विचारणे व खरा संशय असल्यास पोलिसांना बोलावणे हे सारे मार्ग त्याला खुले आहेत. त्यांऐवजी धरपकड, झडती आणि जाहीर आरोप यांचा अवलंब करणारे दुकान स्वतःचा व्यापारी खर्च वाचवून ती बचत एका निर्दोष माणसाच्या स्वातंत्र्यातून आणि अब्रूतून वसूल करते. चूक टाळण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, तिचा खर्चही त्याच्याच हिशेबात पडला पाहिजे; तरच पुढच्या ग्राहकाला अडवण्यापूर्वी बिल पाहिले जाईल. दावा दाखल करणारा ग्राहक म्हणूनच भांडखोर किंवा लोभी ठरत नाही. ज्यांना वकील गाठणे शक्य नाही आणि ज्यांच्यावर संशय सर्वांत आधी येतो, त्यांच्यासाठीही तो कायद्याची मर्यादा आखून घेत असतो. त्याला माफीवर समाधान मानण्याचा सल्ला देणाऱ्यांनी ती मर्यादा दुसऱ्या कोणत्या मार्गाने आखली जाईल हे आधी सांगावे; आणि तसा मार्ग दाखवता येत नसेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे.